सेन्सरी रूम करायची आहे, कॅटलॉग बाजूला ठेवून सल्ला हवाय

माळरान | ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी विशेष मुलांच्या शाळेत मी शिकवते. आमच्याकडे ऑटिझम असलेली मुलं बरीच आहेत, पाच ते तेरा वयाची. एका देणगीदारांनी सेन्सरी रूमसाठी, म्हणजे दिवे, आवाज, स्पर्श अनुभवायच्या खोलीसाठी, पैसे द्यायची तयारी दाखवली आहे. खोली हाताशी आहे: बारा बाय पंधरा, एक खिडकी, खाली फरशी, वर पंखा आणि ट्यूबलाइट, एक भिंत रस्त्याला लागून.

पुरवठादाराचं कोटेशन साडेसहा लाखांचं आलंय. बबल ट्यूब (बुडबुडे आणि रंगीत दिवे असलेली पाण्याची उभी नळी), फायबर ऑप्टिकच्या झिरमिळ्या, भिंतीवर फिरणारी चित्रं, सुगंधाचं यंत्र, बॉल पूल, आरशाचा कोपरा, सगळं आहे. पण ते सगळं एका रिमोटवर चालणार आणि रिमोट बाईंच्या हातात. मूल मध्ये बसून नुसतं बघणार.

माझं म्हणणं असं की मुलाने काही केलं तर खोलीने त्याला उत्तर द्यावं. त्याने हात ठेवला की रंग बदलावा, हात काढला की थांबावं. आमच्या मुलांच्या आयुष्यात बाकी सगळं दुसरेच ठरवतात. कधी उठायचं, काय घालायचं, कुठे बसायचं. निदान या एका खोलीत त्यांचं चालावं. हे कमी पैशात, आपल्या हवामानात, आपल्या सुताराकडून आणि इलेक्ट्रिशियनकडून करून घेता येईल का? कुणी केलंय का? विरोधी मतंही लिहा.

निशिगंध_ठाणे | ९ जून, रात्री १०:०५

फार आवडीचा विषय काढलात माळरानताई. माझा लेक नऊ वर्षांचा, बोलत नाही. आमच्याकडे फ्रीज हीच इंटरॅक्टिव्ह भिंत आहे. दार उघडलं की दिवा, थंड हवा आणि आईचा आवाज, तिन्ही एकदम. 😄

पण खरंच सांगते, त्याला त्या दारात जे मिळतं ते महागड्या सेंटरच्या खोलीत मिळालं नाही. तिथे दिवे आपोआप बदलायचे. तो दोन मिनिटं बघायचा आणि दाराकडे जायचा. पुढे तिथल्या एका मदतनीस ताईंनी त्याच्या हाताखाली मोठं लाल बटण दिलं. दाबलं की नळीतलं पाणी निळं. त्याने दाबलं, नळीकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. परत दाबलं, परत माझ्याकडे. 'हे मी केलं' असं ते बघणं होतं. बटण हवंच.

भाकरतुकडा | ९ जून, रात्री १०:३१

विरोधी मत मागितलंय म्हणून लिहितो. माझी मुलगी अकरा वर्षांची, कोल्हापूर. साडेसहा लाखांत तालुक्याच्या गावी एक चांगली ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) काही महिने पगारावर ठेवता येईल. आमच्याकडे थेरपिस्टसाठी आई-बाप एसटीने दोन-दोन तास येतात. खोली झाली, फीत कापली, पेपरात फोटो आला आणि वर्षभरात कुलूप लागलं, हे डोळ्यांनी पाहिलंय. चालवणारं माणूस नसेल तर खोली म्हणजे सामानाची कोठी.

माळरान | ९ जून, रात्री १०:४८

भाकरतुकडादादा, कुलपाची भीती मलाही आहे. पण देणगी फक्त वस्तूंसाठी आहे, पगारासाठी नाही, ती अट बदलत नाही. आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस ओटी येतात. बाकीचे दिवस आम्ही शिक्षिकाच. म्हणूनच असं काही हवंय जे आम्हाला चालवता येईल आणि बिघडलं तर गावातच दुरुस्त होईल.

चाफेकळी | १० जून, सकाळी ७:१५

मी ओटी आहे, नाशिकला. दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवू.

एक म्हणजे संवेदी एकात्मतेची थेरपी. तिचा पाया अमेरिकेत जीन एअर्स यांनी घातला, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२चं. त्यात झोके, चढणं, ढकलणं, लोंबकळणं असतं आणि थेरपिस्ट पूर्ण वेळ मुलाबरोबर काम करत असते. दुसरी म्हणजे ही दिव्यांची, आवाजांची खोली. तिचं मूळ नेदरलँड्समधलं. १९७०च्या दशकात एडे गावाजवळच्या हार्टेनबर्ग संस्थेत यान हुल्सेगे आणि आड फरहूल यांनी तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी अशा जागा सुरू केल्या. तिथे शिकवणं, सुधारणं हा हेतूच नव्हता. माणसाला आवडेल ते त्याने आपल्या गतीने अनुभवावं, एवढंच. ऑटिझमच्या मुलांसाठी ही कल्पना पुढे वापरात आली.

त्यामुळे देणगीदारांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की या खोलीने ऑटिझम 'बरा' होत नाही. पण संवेदनांचा प्रश्न खरा आहे. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानाच्या निकषांत आवाज, स्पर्श, प्रकाश यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे अधिकृतपणे आलं. आया ते आधीपासून सांगतच होत्या.

आणि एक. खोली बक्षीस म्हणून वापरू नका, शिक्षा म्हणून तर अजिबात नको. 'गप्प बसलास तर सेन्सरी रूम' हे सुरू झालं की गरज असलेल्या मुलालाच ती मिळेनाशी होते.

वेल्सवासी | १० जून, दुपारी १:२०

मी कार्डिफमध्ये राहते. माळरानताईंना जे वाटतंय, नेमका त्यावरच इथल्या विद्यापीठात अभ्यास झालाय. केटी अनविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४ ते १२ वयाची ४१ ऑटिस्टिक मुलं घेतली. एकाच खोलीत दोन प्रकार. एकदा उपकरणांचा ताबा मुलाकडे, एकदा नाही. ताबा मुलाकडे असताना लक्ष जास्त टिकलं, त्याच त्या हालचाली कमी झाल्या, धावपळ आणि आवाज काढणंही कमी झालं. सामाजिक संवादात मात्र फरक पडला नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

म्हणजे साडेसहा लाखांच्या रिमोटपेक्षा निशिगंधताईंच्या लेकाचं लाल बटण भारी.

भाकरतुकडा | १० जून, दुपारी १:४४

हे पटलं. पण ४१ मुलं आणि तीही तिकडची. आमच्या पोरांना वर्गातही आवाज, घरातही आवाज, वरातीचा डॉल्बीही. खोलीतून बाहेर आल्यावर काय?

शांतताप्रिय | १० जून, रात्री ८:५०

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. वय एकतीस, डोंबिवली, निदान उशिरा झालं. वेल्सवासीताईंच्या प्रतिसादातली एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय.

'त्याच त्या हालचाली कमी झाल्या' हे यश म्हणून मोजू नका. मी हात झुलवतो तेव्हा स्वतःला सावरत असतो. मूल शांत झाल्यामुळे हालचाल आपोआप कमी झाली तर ठीक. पण कुणी वही घेऊन बसलं आणि हात झुलले की खूण करू लागलं, तर ती खोली माझ्यासाठी परीक्षेची खोली झाली.

दुसरं. सगळे खोलीत काय टाकायचं याची चर्चा करताय. मला लहानपणी काही टाकलेलं नको होतं, काढलेलं हवं होतं. आमच्या घरी पाहुणे आले की मी गाद्यांच्या कपाटात बसायचो. अंधार, कापसाचा वास, अंगावर चारी बाजूंनी दाब. आई मला हुडकून बाहेर काढायची, पाहुण्यांसमोर उभं करायची. ती वाईट नव्हती, तिला माहीत नव्हतं. खोलीत असं एक कपाट ठेवा ज्यात काहीच चमकत नाही. आणि त्यातून मुलाला ओढून काढायचं नाही, असा नियम दारावर लिहा.

निशिगंध_ठाणे | १० जून, रात्री ९:०२

शांतताप्रिय, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लेक पलंगाखाली जातो तेव्हा मी 'बाहेर ये, जेवायचंय' करत बसते. आजपासून ताट खाली सरकवणार.

चाफेकळी | १० जून, रात्री ९:३०

शांतताप्रिय यांच्याशी पूर्ण सहमत. नोंद ठेवायचीच तर अशी ठेवा: मूल आपणहून कशाकडे गेलं, कशापासून लांब राहिलं, बाहेर कधी निघालं, आणि पुढचा तास कसा गेला. भाकरतुकडादादांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. खोलीत कळलेलं बाहेर न्यायचं. एखाद्या मुलीला अंगावर वजन आवडतं असं दिसलं, तर वर्गात तिच्या मांडीवर जड उशी. आवाज नको असतो असं दिसलं, तर वरातीच्या दिवशी कानावर हेडफोन. एवढं झालं तरी खोलीने काम केलं.

कौलारू | ११ जून, सकाळी ११:१०

मी वास्तुरचनाकार, रत्नागिरी. खोलीचं बोलतो.

कैरोच्या मॅग्डा मुस्तफा यांनी ऑटिझम आणि वास्तुरचना यावर बरंच काम केलंय. २००८च्या त्यांच्या निबंधात शिक्षक आणि पालकांनी सगळ्यात जास्त महत्त्व आवाजाला दिलं होतं, दिव्यांना नाही. तेव्हा पहिला खर्च आवाजावर करा. तुमची खोली म्हणजे फरशी, प्लास्टर आणि काँक्रीटचं छत. टाळी वाजवून बघा, घुमेल. रस्त्याकडच्या भिंतीला कपाटं लावा, खिडकीला जाड दुहेरी पडदा, भिंतीवर आणि छताला कापडात मढवलेले ध्वनिशोषक पॅनेल. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका. आवाज फारसा शोषत नाहीत आणि पेट पटकन घेतात.

मग प्रकाश. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटला गुणगुण असते आणि ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. आपल्याला कळत नाही, काही मुलांना कळतं. स्वस्त एलईडीतही हा दोष असतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा, पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवा पंख्याच्या वर असेल तर पाती फिरताना प्रकाश कापला जातो. अख्खी खोली फडफडते. तुमच्याकडे पंखा आणि ट्यूब दोन्ही वर आहेत म्हणालात म्हणून लिहितोय. पंखा भिंतीवर घ्या, दिवे खालच्या उंचीवर, मंद करता येतील असे.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. मूल दाराला टेकून बसलं तरी आत जाता आलं पाहिजे. आतून कडी नाही, बाहेरूनही कडी नाही. बघायला काचेची अरुंद पट्टी.

दर्याकिनारी | ११ जून, दुपारी १२:०५

मडगावहून. कोंकणपट्टीत कार्पेट घालू नका, दुसऱ्या पावसाळ्यात बुरशीचा वास येतो आणि वासाला नाजूक असलेली मुलं आत पाऊल टाकत नाहीत. आम्ही धुता येणाऱ्या खोळींच्या गाद्या केल्या, चेन असलेल्या. सांगलीला हवा कोरडी आहे पण तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर बबल ट्यूबमध्ये ते भरू नका. आतून पांढरा थर बसतो, मग ती नळी कुणाला बघवत नाही. डिस्टिल्ड पाणी घाला आणि ते वेळेवर बदला.

सुगंधाचं यंत्र कोटेशनातून आधी काढा. दिवा बंद करता येतो, आवाज बंद करता येतो, वास बंद करता येत नाही. पुढच्या मुलाला आधीच्या मुलाचा वास सोसावा लागतो.

माळरान | ११ जून, दुपारी १२:४०

वासाचं शंभर टक्के पटलं. फिनेलने पुसलेल्या दिवशी आमचा एक मुलगा वर्गाच्या उंबऱ्यावरच उभा राहतो.

सोल्डरगन | ११ जून, रात्री ११:२२

पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. 'खोलीने उत्तर द्यावं' यासाठी लाखांची गरज नाही. ईएसपी३२ नावाचा, प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो, त्याच्या काही पिना थेट स्पर्श ओळखतात. लाकडी फळीमागे तांब्याची पट्टी चिकटवा, वरून कापड, वायर बोर्डाला. मुलाने हात ठेवला की एलईडीची पट्टी उजळते, काढला की हळूहळू मावळते. पाच व्होल्टवर चालतं, शॉकची भीती नाही.

पण पट्टी पूर्ण पांढऱ्यावर लावली तर एकेक एलईडी ६० मिलीअँपिअरपर्यंत ओढतो. १०० एलईडी म्हणजे सहा अँपिअर. तेव्हा चांगला अडॅप्टर, जाड वायर, फ्यूज, आणि प्रोग्राममध्येच उजेडाला मर्यादा. मुलांना तेवढा उजेड तसाही नको असतो. अडॅप्टर खोलीच्या बाहेर, आत फक्त पाच व्होल्ट.

प्रोग्राम लिहिताना दोन गोष्टी. उत्तर तत्काळ यायला हवं. हात ठेवल्यावर सेकंदभर काहीच घडलं नाही तर मुलाच्या लेखी त्या दोन गोष्टींचा संबंध संपला. आणि तीच कृती, तेच उत्तर. 'मजा यावी' म्हणून मध्येच वेगळा रंग टाकू नका.

यावर युरोपात फार सुंदर काम झालंय. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'मीडिएट' नावाचा प्रकल्प झाला, पोर्ट्समथ विद्यापीठ, बार्सिलोनाचं पॉम्पेउ फाब्रा आणि इतर काही संस्था मिळून. न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलांसाठी एक अख्खी जागा. पडद्यावर मुलाच्या हालचालीला चित्र प्रतिसाद द्यायचं, पावलांना जमीन आवाजाने उत्तर द्यायची, भिंतीला हात लावला की काही घडायचं. सूचना नाहीत, बरोबर-चूक नाही, जिंकणं नाही. मूल तेच ते करत राहिलं तर यंत्रणा ते ओळखून हलकेच थोडं बदलून बघायची. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण सूचना नाहीत आणि चूक नाही एवढं फुकट उचलता येतं.

भाकरतुकडा | १२ जून, सकाळी ६:५०

वर म्हणता मध्येच बदल करू नका, खाली म्हणता त्यांची यंत्रणा बदलून बघायची. नक्की काय?

सोल्डरगन | १२ जून, सकाळी ९:१५

बरोबर पकडलंत. आधी भरवसा बसू दे. मुलाला पक्कं कळलं की हात ठेवला म्हणजे निळं, मग कधीतरी त्या निळ्याच्या शेजारी एक दुसरी फळी ठेवा आणि ती लावायची की नाही हे त्याच्यावर सोडा. पहिली फळी आहे तशीच राहील. मूल निळ्यावरच रमलं तर रमू दे.

शांतताप्रिय | १२ जून, सकाळी ९:४०

+१. निळ्यावर रमलेल्या सर्व मुलांच्या वतीने आभार. 🙂

चाफेकळी | १२ जून, दुपारी ३:३०

सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

ऑटिझम असलेल्या काही मुलांना फिट्सही येतात. दिवे झपाझप उघडझाप करणारे नकोत. सेकंदाला तीनपेक्षा जास्त उघडझाप तर नकोच. प्रवेशाच्या फॉर्मवर फिट्सचा प्रश्न हवा.

खेळण्यांत बटण-सेल असतील तर झाकण स्क्रूचं हवं. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजू शकतं. सुटे छोटे चुंबकही नकोत.

पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी आणू नका. ते पोटात फुगतात आणि आतडं अडवतात. अमेरिकेत २०२३च्या शेवटी मोठ्या दुकानदारांनी मुलांसाठीची त्यांची विक्री थांबवली. त्याऐवजी भिजवलेला साबुदाणा परातीत द्या. हाताला तसाच लागतो, तोंडात गेला तर बिघडत नाही, आणि संध्याकाळी टाकून द्यायचा. कच्चा राजमा परातीत ठेवणारे पाहिलेत. तो विषारी असतो, शिवाय नाकात जातो.

वजनाच्या पांघरुणाबद्दल विचारणा येईलच. झोप सुधारते म्हणून ती विकतात, पण २०१४ला इंग्लंडमध्ये झालेल्या चाचणीत झोपेत फरक दिसला नाही. मुलांना आणि पालकांना ते आवडलं मात्र. तेव्हा आवडतं म्हणून द्या. डोक्यावर कधीच नाही, आणि मुलाला स्वतः बाजूला सारता येईल एवढंच वजन.

निशिगंध_ठाणे | १२ जून, दुपारी ४:०२

आमच्याकडे आजेसासूबाईंची सात लुगड्यांची गोधडी आहे. लेक तिच्यात स्वतःला गुंडाळतो, फक्त नाक बाहेर. कडेचे टाके बोटांनी एकेक चाचपत जातो, एका कोपऱ्यातून निघून त्याच कोपऱ्याला परत. मध्ये कुणी हाक मारली तर पहिल्यापासून. दुकानातलं सातआठ हजारांचं पांघरूण कपाटात पडून आहे.

वेल्सवासी | १२ जून, रात्री ८:१८

गोधडीवरून आठवलं, इथे शाळेतल्या सेन्सरी रूमच्या दाराबाहेर छोटा बाक असतो. आत जायच्या आधी मूल तिथे बसतं, बूट काढतं, आणि एका पाटीवरच्या चित्रांतून निवडतं: पाणी, दिवे, गाद्या की काहीच नको. बाहेर येतानाही तिथेच थांबायचं. कौलारूदादा, मुस्तफाबाईंच्या मांडणीत हे आहे ना?

कौलारू | १२ जून, रात्री ९:००

आहे. एका जागेतून दुसरीत जाताना मधला टप्पा, आणि पळून बसायची शांत जागा, दोन्ही आहेत. माळरानताई, तुमच्या बारा बाय पंधरातले तीन फूट दाराशी मोकळे सोडा. कोटेशनवाला तिथे आरसा बसवायला बघेल, बसवू देऊ नका.

माळरान | १४ जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. देणगीदारांना हा धागा वाचून दाखवला. बबल ट्यूबचा त्यांचा आग्रह आहे, तेवढी एक घेतोय, पण बटण मुलाच्या हातात असलेली. रिमोट घेत नाही. सुगंधयंत्र, बॉल पूल, आरसा, भिंतीवरची फिरती चित्रं रद्द. त्यातून वाचलेल्या पैशांत आधी छत आणि भिंतीची पॅनेल, दिवे, भिंतीवरचा पंखा. सोल्डरगनदादांच्या पद्धतीने स्पर्शाच्या तीन फळ्या, आमच्या आयटीआयच्या सरांनी मुलांकडून करून घ्यायचं कबूल केलंय, म्हणजे बिघडल्या तरी माणूस गावातच. कोपऱ्यात सुताराकडून गादीचं कपाट, दार नसलेलं, फक्त पडदा. दारावरचा नियम शांतताप्रिय यांच्या शब्दांत लिहिणार आहे, चालेल ना?

भाकरतुकडादादा, ओटींच्या पगाराची अट बदलली नाही, पण त्या दोन दिवसांऐवजी तीन दिवस येतील. तिसऱ्या दिवसाचा खर्च शाळेने उचललाय. पंचक्रोशीतल्या दुसऱ्या शाळांच्या मुलांनाही तो दिवस खुला ठेवतोय.

एकच राहिलं. ओटींना झोका हवाय, बसायची फळी असलेला. छताला पंख्याचा हूक रिकामा होतोय, त्यालाच अडकवला तर?

भाकरतुकडा | १४ जून, रात्री १०:२२

तिसरा दिवस ऐकून बरं वाटलं ताई. कोणता वार ते कळवा, मी लेकीला घेऊन येतो.

शांतताप्रिय | १४ जून, रात्री १०:३०

चालेल. अक्षरं मोठी आणि साधी ठेवा. चकाकणारा रंग नको.

कौलारू | १४ जून, रात्री १०:४१

पंख्याच्या हुकाला झोका अजिबात नको. पंखा नुसता लोंबतो. झोका मागेपुढे ओढतो, आणि बारा-तेरा वर्षांचं मूल जोरात झुललं की हुकावर त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त ताण येतो. स्लॅब किती जाड आहे, तुळई कुठून गेलीय, इमारत किती जुनी, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बघून घ्या. नाहीतर जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट करा, पाय भिंतीला बांधलेले. छताचे आणि तुळईचे फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, चौकटीचं मापाचं चित्र काढून देतो.